हात कुठे येतो

"आई कशा आहेत?" त्याने विचारलं, आणि ताई म्हणाली, "बरी आहे."

तोंडातून गेलं ते गेलं. कोर्टाच्या लांबलचक बोळात भिंतीला लावलेल्या बाकावर ती बसली होती, मांडीवर पर्स, पर्सवर दोन्ही हात. समोर उभा होता तो तिच्या घराचं काम अर्धवट टाकून गेलेला ठेकेदार, ज्याच्यावर तिने आणि तिच्या धाकट्या भावाने दावा लावला होता. आणि ज्या आईची तो चौकशी करत होता ती जाऊन एक अख्खा हिवाळा उलटला होता. दाव्यात तसं स्पष्ट लिहिलेलं होतं, पण कागद वाचणाऱ्यातला तो नव्हता. त्याच्या खिशात पेन्सिल असायची ती भिंतीवर खुणा करायला. आज त्याने इस्त्रीचा शर्ट घातला होता, दाढी करताना हनुवटी कापून घेतली होती, आणि अनोळखी गर्दीत एक ओळखीचा चेहरा दिसावा तसा तो ताईला बघून खुलला होता. "बरं झालं," तो म्हणाला. "या वयात बरं असणं म्हणजे पुष्कळ झालं. आज आणायचं होतंत की त्यांना. इथलं आटपलं की घराकडे गेलो असतो, हात कुठे येतो तेवढं बघून घेतलं असतं. न्हाणीघरातला दांडा राहिलाय ना आपला." आपला, म्हणाला. ताईने मान हलवली. ती हो म्हणून हलली की नाही म्हणून, तिचं तिलाही कळलं नाही. बोळाच्या टोकाला चहाच्या यंत्रापाशी धाकटा दोन्ही हातांत कागदी पेले सांभाळत वळला, आणि त्याला बघताच ठेकेदार आपल्या वकिलाला शोधायला निघून गेला.

"काय म्हणत होता?" धाकट्याने विचारलं.

"काही नाही."

"बोलूच नकोस त्याच्याशी. गोड बोलून घोळात घेतो तो. तुला सवय आहे घोळात यायची."

चहाने बोटं भाजत होती तरी ताईने पेला खाली ठेवला नाही. बरी आहे. कोण बरी आहे? दवाखान्याच्या पलंगावर शेवटी शेवटी पापणीसुद्धा न हलवणारी बाई बरी आहे. खोटं बोलायचं असं तिने ठरवलं नव्हतं. खोटं बोलायला आधी विचार करावा लागतो. हे काहीतरी निराळंच होतं, डोळ्यांसमोर काही आलं की पापणी आपोआप मिटते तसलं. 'गेली' म्हटलं असतं तर त्याने पुढचं विचारलं असतं. कशाने, कधी, कुठे. आणि मग कदाचित त्याच्या मनात दोन आणि दोन चार झाले असते. चोराच्या मनात चांदणं, असं आईच म्हणायची, फ्रिजमधलं काही कमी झालं आणि धाकटा विचारायच्या आधीच 'मी नाही खाल्लं' म्हणाला की. चोर तेव्हा नेहमी धाकटाच असायचा. ताईवर कधी कुणाचा संशय गेला नाही. ती शहाणी होती, तिच्याकडे सगळे किल्ल्या ठेवायला द्यायचे.

त्या माणसाचं नाव धाकट्याने पहिल्याच आठवड्यात होऊनजाईल ठेवलं होतं. काहीही विचारा. नळ ठिबकतोय, होऊन जाईल. सिमेंट आलं नाही, होऊन जाईल. दार उलट्या बाजूने बसवलंत की हो, होऊन जाईल. बोलघेवडा, गोल चेहऱ्याचा, चार ठिकाणची कामं घेऊन पाचव्या ठिकाणी जेवणारा. पण त्याच्या हाताला वाईट कुणी म्हटलं नव्हतं, आणि तो घरात असला की घर रिकामं वाटत नसे, हे ताईला आवडलं नव्हतं. तिला रिकामं घर आवडायचं. हे वाक्य तिने आजवर कुणापुढे उच्चारलेलं नव्हतं, कारण एकट्या राहणाऱ्या बाईने ते उच्चारलं की ऐकणारा लगेच कीव करायला लागतो. ती चष्म्याच्या दुकानात काम करायची. दिवसभर लोकांच्या नाकावर ती चाचणीची जड फ्रेम ठेवून भिंगं घालायची आणि काढायची. आता नीट दिसतं की आधी? हे की ते? लोक खोटं बोलतात तिथेही. दिसत नसलं तरी दिसतं म्हणतात, चुकलो तर काय होईल या भीतीने. दिवसभर इतक्या जवळून इतकी तोंडं बघून झाल्यावर संध्याकाळी ती घरी यायची, दिवा न लावता चपलांसकट खुर्चीत बसायची, आणि कुणीही काही विचारायचं नाही. मग उभ्याउभ्याच पातेल्यातलं खायची. ती शांतता तिला अंगावर घ्यायच्या पांघरुणासारखी होती, आणि आई त्या पांघरुणात मावणारी बाई नव्हती.

आई बोलायची. सकाळी उठून खिडकी उघडतानाच खिडकीशी बोलायला लागायची. वेणी घालताना गुणगुणायची, मधेच थांबून गाण्यातल्या बाईला सल्ला द्यायची. पर्समध्ये गोळ्या ठेवायची, रस्त्यात कुणाचंही रडणारं मूल दिसलं की त्याला द्यायला. आणि ताईच्या घरी आली की दोन तासांत तिची अख्खी जिंदगी तपासून मोकळी व्हायची. "तुझा चहा म्हणजे गरम पाणी आणि वर उपकार," असं म्हणायची, आणि सगळा प्यायची. तिचे गुडघे गेले तेव्हा धाकट्याच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात तिचे फार हाल व्हायला लागले. जिना तर होताच, पण न्हाणीघर असं की माणूस आत गेला की दार आणि माणूस यांच्यापैकी एकालाच जागा. तेव्हा धाकट्याच्या जेवणाच्या टेबलाशी बसून, आई शेजारच्या खोलीत झोपलेली असताना, ताईनेच म्हटलं होतं, "आईला माझ्याकडे आणूया. माझं तळमजल्याचं घर आहे. मागची अडगळीची खोली पडूनच आहे, तिला लागून न्हाणीघर काढता येईल." कुणी तिच्यावर दडपण आणलं नव्हतं. धाकट्याची बायको उठून तिच्या गळ्यात पडली. त्या क्षणी ताईला ते मनापासून वाटलं होतं, अगदी मनापासून. अडचण अशी झाली की ते वाटणं दुसऱ्या दिवशी दुकानात पोहोचेपर्यंत टिकलं नाही.

कामाला सुरुवात झाली. होऊनजाईलने अडगळ काढली, भिंत फोडली, नळ आत घेतले. एकदा तो काम करत असताना आईचा फोन आला आणि ताईचे हात ओले होते म्हणून तिने तो मोठ्या आवाजावर लावून ओट्यावर ठेवला. "अहो, तुम्ही का ते काम करणारे?" आई थेट त्याच्याशीच बोलायला लागली. "खिडकी तेवढी मोठी ठेवा हं. मला सकाळचं ऊन लागतं. माझी लेक ऊन बाहेर ठेवते आणि पडदे आत." तो खो-खो हसला. त्याने खिडकी वाढवली, ताईला न विचारता, आणि त्यानंतर रोज यायचा तो 'आई कशा आहेत' म्हणतच यायचा. भिंतींचा लाकडी सांगाडा उभा राहिला. न्हाणीघराची आतली भिंत पाट्या मारून बंद करायची आणि वर फरशी लावायची एवढं राहिलं. आणि तिथे तो थांबला. "आता आईंना एकदा घेऊन या ताई," म्हणाला. "स्टुलावर बसवतो, उठायला सांगतो, हात कुठे येतो ते बघतो. तिथे मागे जाड फळी घालायची, मग भिंत बंद. वर फरशी, फरशीवर धरून उठायचा दांडा. फळी चुकली की दांडा चुकला." त्याचं म्हणे असं झालं होतं की एकदा कुणा म्हाताऱ्याच्या घरी त्याने नेहमीच्या मापाने दांडा लावला, म्हाताऱ्याचा हात पोहोचेना, आणि सगळी फरशी स्वतःच्या खर्चाने फोडावी लागली. त्या दिवसापासून त्याने कानाला खडा लावला होता. ज्याचा हात त्याने येऊन दाखवायचा, त्याशिवाय भिंत बंद नाही. बाकी कुठलाही नियम तो पाळणारा नव्हता, एवढा मात्र पाळायचा.

"आणते," ताई म्हणाली. "येत्या रविवारी." त्या रविवारी आईला खरंच सर्दी होती. पुढच्या रविवारी दुकानात मालाची मोजणी होती. ती दुपारीच संपली, पण मोजणी होती हे खरं. त्याच्या पुढच्या वेळी ताईला अचानक वाटलं की निवडलेली फरशी फार पांढरी आहे, आईला निसरडी वाटेल, दुसरी बघायला हवी. आईची काळजी म्हणून आईलाच लांब ठेवायची ही युक्ती तिला सुचली कशी हे ती आता कोर्टाच्या बाकावर बसून नवलाने आठवत होती. धाकट्याला यातलं काही माहीत नव्हतं. तो विचारायचा, "झालं का गं?" आणि ती म्हणायची, "तुला माहीत आहे ना तो होऊनजाईल." दोघंही हसायचे. भिजत घोंगडं पडलं होतं, आणि ते भिजत ठेवणारा हात कुणाचा, हे फक्त तिला माहीत होतं. मग एक दिवस होऊनजाईल आलाच नाही. त्याला कुठेतरी मोठं काम मिळालं होतं, एका कचेरीचं. हत्यारं घेऊन गेला, भिंत तशीच उघडी ठेवून. संध्याकाळी ती घरी आली, मागच्या खोलीत गेली. उघड्या भिंतीतून नळ दिसत होते, मोठ्या खिडकीतून संध्याकाळचा उजेड येत होता, आणि सगळीकडे शांत होतं. तिच्या मनात जे आलं ते अगदी स्पष्ट शब्दांत आलं. सुंठीवाचून खोकला गेला. तिने केर काढला, खोलीचं दार लोटून घेतलं आणि उभ्याउभ्या जेवली.

फोन तिने त्याला केले. पुष्कळ केले. त्यांच्या वकीलबाई त्या फोनांवर फार खूश होत्या, दाव्यात त्यांचा एक स्वतंत्र परिच्छेद होता. तक्रारदाराने वारंवार संपर्क साधण्याचा प्रयत्न करूनही. पण होऊनजाईलने तिला पहिल्याच आठवड्यात सांगून ठेवलं होतं की दुपारी जेवल्यावर आपण तासभर आडवे होतो आणि फोन बंद ठेवतो, त्या वेळात देव जरी बोलावू लागला तरी उठत नाही. ताई दुकानात जेवणाची सुट्टी झाली की त्याच वेळात फोन लावायची. फोन बंद आहे हे ऐकून घ्यायची आणि डबा उघडायची. एकदाही तिने सकाळी फोन केला नाही. हेही तिने ठरवून केलं असं म्हणता येणार नाही, आणि ठरवून केलं नाही असंही म्हणता येणार नाही. आई मात्र रोज फोन करायची, आणि तो ताईला घ्यावाच लागायचा. "झाली का गं माझी खोली?" ताई म्हणायची, "तो माणूस येतच नाही, आई. फोनही उचलत नाही." आणि आई तिकडून म्हणायची, "जाऊ दे, रागावू नकोस त्याच्यावर. त्याचीही काही अडचण असेल. मला कुठे घाई आहे?" आईने एका पिशवीत दोन पातळं, चष्मा आणि कंगवा भरून ती दाराशी ठेवली होती, रोज लागणारा चष्मा, कंगवा त्यातून काढायची आणि परत ठेवायची, हे धाकट्याच्या बायकोने नंतर सांगितलं. चष्मा ताईनेच करून दिलेला होता. दोन डोळ्यांमधलं अंतर, नाकाचा उंचवटा, कानामागचा बाक, आईच्या चेहऱ्याची सगळी मापं तिला तोंडपाठ होती.

मग आई पडली. धाकट्याच्या त्या अरुंद न्हाणीघरात उठताना तिने आधाराला हात टाकला तो टॉवेल वाळत घालायच्या नळीवर. ती नळी टॉवेलाचं ओझं पेलायची, बाईचं नाही. ती भिंतीतून सुटून आईच्या हातातच आली. कमरेचं हाड मोडलं, पाठोपाठ छाती भरली, आणि अंथरुणातून ती पुन्हा उठली नाही. शेवटपर्यंत बोलणारी आई शेवटच्या दिवसांत गप्प झाली, आणि ताई तिच्या उशाशी बसून, जी शांतता आपल्याला इतकी हवी होती तीच ही, असं मनाशी म्हणाली आणि नर्सला हाक मारायच्या निमित्ताने बाहेर पळाली. धाकट्याने ती नळी फेकली नाही. कपाटात वरच्या फळीवर ठेवलीय, हे ताईने एकदा चादर काढताना पाहिलं. काही दिवसांनी तो तिच्याकडे आला, मागच्या खोलीत गेला, उघड्या भिंतीपुढे बराच वेळ उभा राहिला आणि म्हणाला, "त्याने मारलं आईला. खोली झाली असती तर ती इथे असती. मी त्याला सोडणार नाही, ताई. तू नुसती सही कर." सही न करायला कारण द्यावं लागलं असतं. तिने सही केली.

आत बोलावलं. खोली वाटली होती त्यापेक्षा लहान निघाली, आणि न्यायाधीश बाई सर्दीने बेजार झालेल्या होत्या. वकीलबाईंनी वाचायला सुरुवात केली. काम अर्धवट टाकणे, वारंवार संपर्क, आणि मग आवाज थोडा खाली आणून, "ज्यांच्यासाठी हे काम करण्यात येत होतं, त्या तक्रारदारांच्या मातोश्री या दरम्यान पडल्या आणि त्यात त्यांचं निधन झालं." ताई टेबलाच्या कडेकडे बघत होती. तरी तिला कळलं की पलीकडे होऊनजाईलची मान फिरली. "अहो पण ताई आत्ताच..." तो मोठ्याने म्हणाला. त्याच्या वकिलाने त्याची बाही धरली. ताईने वर बघितलं. दिवसभर ती लोकांचे डोळे बघते, पण एखाद्याच्या डोळ्यांत एखादी गोष्ट शिरताना तिने अशी कधी पाहिली नव्हती. आधी गोंधळ, मग तिचा चेहरा बघून तो गोंधळ विरला, आणि मग दुसरंच काहीतरी आत येऊन बसलं. न्यायाधीश बाईंनी रुमाल नाकाला लावत विचारलं की तुमचं काय म्हणणं आहे. त्याच्या वकिलाने सामान वेळेवर मिळालं नाही असं काहीबाही लिहून आणलं होतं, ते तो उघडत असतानाच होऊनजाईल म्हणाला, "मला माहीत नव्हतं, मॅडम. मी दुसऱ्या कामावर गेलो. मोठं काम होतं, मोह पडला. चुकलं. मी खोली पुरी करून देतो." हात कुठे येतो ते बघायचं राहिलं होतं, रविवारमागून रविवार गेले, हे त्याने सांगितलं नाही. ताई वाट बघत होती की आता सांगेल. तो काही लपवत नव्हता. त्याच्या डोक्यात ती गोष्ट कारण म्हणून उगवलीच नव्हती. काम थांबलं कारण मी गेलो, म्हातारी गेली कारण काम थांबलं, एवढाच त्याचा सरळ हिशेब. न्यायाधीश बाईंनी तिलाही विचारलं, "तुम्हाला आणखी काही सांगायचं आहे?" आणि ती म्हणाली, "नाही."

निकाल लागला तो असा की त्याने काम पुरं करून द्यायचं, आणि मनस्तापाबद्दल वेगळी भरपाई. गाडीत बसल्यावर धाकटा म्हणाला, "बघितलंस? कबूल केलं त्याने. सगळ्यांसमोर." मग त्याने गाडी सुरूच केली नाही. स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिला, आणि किती दिवसांनी त्याचे खांदे खाली आले. "रात्री डोळा लागेल आता," तो म्हणाला. ताईने त्याच्या पाठीवर हात ठेवला. आपण गप्प राहिलो ते याच्यासाठी, हा विचार तिला तत्क्षणी सुचला आणि अतिशय सोयीचा वाटला. आपल्या भित्रेपणावर भावाच्या मायेचं पांघरूण घालता येतं हे कळल्यावर ती थोडी सावरलीसुद्धा. पण दुकानात तिला चैन पडेना. लोकांचे डोळे बघायचे तर तिचं लक्ष हातांकडे जायला लागलं. खुर्चीतून उठताना म्हातारी माणसं हात कुठे टाकतात. कुणी टेबलाच्या कडेवर, कुणी स्वतःच्याच गुडघ्यावर, कुणी सोबत आलेल्या मुलीच्या मनगटावर, न बघता, ती तिथे असणारच असं धरून. एका बाईंनी उठताना ताईचाच हात धरला आणि तो सोडला तरी ताईला तिथे बराच वेळ पकड जाणवत राहिली. आईचा हात कुठे यायचा? ती उभी राहिली की आपल्या कोपरापर्यंत, की दंडापर्यंत? चेहऱ्याची इतकी मापं घेतली, हे एक घेतलं नाही. घेऊन या म्हणून तो सांगत होता, आणि तेवढंच होतं ते, आईने आपल्या घरी येऊन एका स्टुलावर बसायचं आणि उठायचं.

होऊनजाईल कामाला यायला लागला. सकाळी वेळेवर यायचा, खाली मान घालून मागे जायचा. फळ्या कापायचा, धूळ पुसून घ्यायचा. चहा दिला तर "कशाला ताई" म्हणायचा आणि बाहेर अंगणात उभा राहून प्यायचा. 'होऊन जाईल' म्हणायचं त्याने सोडलं होतं. काही विचारलं की नुसतं "हो" म्हणायचा, आणि ते व्हायचं. एकदा ती मागे गेली तर तो त्या मोठ्या खिडकीपाशी उभा होता, सकाळचं ऊन जमिनीवर पडलं होतं, आणि तो त्या उन्हाकडे बघत होता. "त्यांनी सांगितली होती म्हणून वाढवली होती," तो म्हणाला. आत्ता सांगावं, ताईला वाटलं. तुमच्यामुळे नाही गेली ती. एवढंच वाक्य. तुम्ही बोलावलं होतंत, मी आणली नाही, कारण मला ती यायला नको होती. ही इतकी साधी वाक्यं तोंडात जुळवून ती रोज उठायची. त्याचा चहा झाला की सांगू. जेवून आला की सांगू. तो एकटा असताना सांगण्यात अर्थ नाही, धाकट्यासमोरच सांगायला हवं, तो रविवारी येणारच आहे. येत्या रविवारी सांगू. हे शब्द मनात आले आणि ती ओट्याची कड धरून थांबली, कारण ते तिच्या ओळखीचे होते.

रविवारी धाकटा आला, काम नीट होतंय की नाही ते तपासायला. फरशीवरून बोट फिरवलं, नळ सोडून बघितले, होऊनजाईलकडे न बघता "हं" म्हणाला. एका भिंतीची एक बाजू अजून उघडी होती. आतला सांगाडा दिसत होता, आणि खाली जमिनीवर एक जाड फळी कापून तयार ठेवलेली होती.

"हे का राहिलं?" धाकट्याने विचारलं.

"दांड्याची फळी आहे, साहेब. कुठे बसवू ते विचारायचं होतं."

"दांडा कशाला आता?" धाकट्याचा आवाज चढला. "ज्या माणसासाठी होता ते माणूस घालवलंत ना? आता कोण धरणार आहे तो?"

होऊनजाईलने फळी उचलली, पुन्हा खाली ठेवली. "कागदावर आहे म्हणून करतो, साहेब. तुमचंही खरं आहे." मग ताईकडे वळून, नेहमीच्या साध्या सुरात, माप सांगावं तसं तो म्हणाला, "आईंना तेव्हा एकदा आणलं असतंत तर बरं झालं असतं. हात कुठे येतो ते कळलं असतं. मी म्हणायचो ना ताई तुम्हाला, दर रविवारी वाट बघत होतो. आता अंदाजाने लावावा लागेल."

धाकटा नळापाशी वाकला होता तो तसाच वाकलेला राहिला. मग हळूहळू सरळ झाला. ताईने इतके दिवस जुळवून ठेवलेली वाक्यं तिच्याजवळच राहिली, त्यांची आता गरज नव्हती. तिला वाटलं होतं की ज्या दिवशी हे बाहेर येईल त्या दिवशी निदान ते आपल्या तोंडून येईल.

"याने आईला आणायला सांगितलं होतं?" धाकट्याने विचारलं. तिला विचारलं, त्याला नाही.

अजूनही नाही म्हणता आलं असतं. होऊनजाईल तोंडात मूग धरून बसला असता, त्याने तर कोर्टातही तिला खोटं पाडलं नव्हतं. "हो," ताई म्हणाली. "दर वेळी. भिंत त्यासाठीच उघडी होती. मी आणते म्हणायची आणि आणायची नाही. वाट बघून हा गेला."

मोठ्या खिडकीतून ऊन आत आलं होतं, तिघांच्याही पायांवर. होऊनजाईल एकदा तिच्याकडे, एकदा त्या उघड्या भिंतीकडे बघत होता, आणि त्याचा गोल चेहरा काहीतरी नव्याने मोजत असल्यासारखा झाला होता. धाकटा रागावला नाही. तो रागावला असता तर तिला बरं वाटलं असतं. तो लहानपणी काही हरवलं की बघायचा तसा तिच्याकडे बघत होता.

"मला सांगायचंस ना, ताई," तो म्हणाला. "मी आणली असती. तिसऱ्या मजल्यावरून उचलून आणली असती."

हे तिला माहीत होतं. म्हणून तर तिने त्याला सांगितलं नव्हतं.

कोपऱ्यात ते स्टूल होतं, त्या वेळेपासूनचं, फरशीचा चुना लागलेलं. ताई त्यावर जाऊन बसली. उठताना आई जसा टाकायची तसा, न बघता, तिने हात बाजूला टाकला. तिथे उघड्या भिंतीत धरायला काहीच नव्हतं.